अधिकातलं बिऱ्हाड

"बंगली आपल्या कामाची नाही!" टांग्यातून पुरतं उतरायच्या आतच खंडेरावांनी जाहीर करून टाकलं.

हळू बोलणं त्यांच्या गावीच नव्हतं. चाळीस वर्षं तांब्याच्या पत्र्यावर हातोडा हाणून त्यांचे दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले होते. त्यामुळं ही बातमी घरात पोचायच्या आधी समोरच्या पुंजा तांबटाला कळली, आणि त्यानं आपल्या ओट्यावरूनच विचारलं, "का हो खंडेराव, गळते की काय?"

"भांडी अ‍ॅल्युमिनची आहेत!"

पुंजानं मान हलवली आणि विषय तिथंच संपवला. तांबट आळीत याहून जास्त सांगावं लागत नसे.

मागून गंगाधर उतरला. खंडेरावांचा हा धाकटा मुलगा नाशिकरोडच्या छापखान्यात कारकून होता, घरातला पहिला मॅट्रिक. हातोडा सोडून लेखणी धरली म्हणून चार वर्षांपूर्वी घरात जो धुरळा उडाला होता तो आत्ता कुठं बसत आला होता. आजचा रविवार खर्ची घालून तो वडिलांना देवळालीची बंगली दाखवायला घेऊन गेला होता. त्याचं तोंड पाहूनच दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या कुसाबाईला अर्धी हकीकत कळली. उरलेली अर्धी ओटीवर कळली.

"खोल्या किती आहेत?" सरुबाईंनी नवऱ्याला विचारलं. त्या वाती वळत बसल्या होत्या.

"मोजल्या नाहीत."

"विहीर आहे का नळ?"

"असेल काहीतरी. लोक राहतात म्हणजे पाणी असणारच."

"मग दोन तास तिथं केलंत तरी काय?"

"भांडी पाहिली की! सांगतोय काय मघापासून?"

"मी सांगतो," गंगाधर म्हणाला. "दारातून शिरले ते थेट स्वयंपाकघरात. ती पारशीण बिचारी मागचा व्हरांडा दाखवत होती, आंब्याची झाडं दाखवत होती, हवा किती सुटते ते सांगत होती. आणि हे एकेक पातेलं उलटं करून बोटानं वाजवत होते. शेवटी ती मला बाजूला घेऊन विचारते, तुमचे वडील बंगली भाड्यानं घ्यायला आलेत की भांडी विकत घ्यायला?"

"आवाजच नाही त्याला!" खंडेराव म्हणाले. "टिचकी मारली की खोकला आल्यासारखं ठक्क करतं. असल्या भांड्यातलं अन्न आपण खायचं? तांबटांनी? उद्या आळीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

कुसाबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. देवळालीची बंगली हातची गेली, म्हणजे तिचा महिना गेला.

हवापालटाची ही सगळी टूम निघाली ती अधिक महिन्यामुळं. यंदा वैशाखच अधिक आला होता. एरवी वैशाख म्हणजे तांबट आळीची सुगी. लग्न आलं की रुखवत आलं, रुखवत आलं की हंडे, कळश्या, घंगाळी, बंब आले, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आळीत असा काही ठोका चाले की परक्या माणसाचं डोकं उठावं. अधिकात लग्न नाही. वाणाची ताम्हनं आणि निरांजनं फाल्गुनातच ठोकून झाली होती. म्हणजे ऐन उन्हाळ्यात पुरता एक महिना हातोडा खुंटीला. कुसाबाई या घरात आल्याला सतरा वर्षं झाली, पण असा वैशाख तिनं पाहिला नव्हता. त्यात खंडेरावांचा उजवा खांदा धरलेला. डॉक्टरांनी महिनाभर विसावा घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि घरी राहून ते हातोड्यापासून लांब राहतील यावर घरातल्या एकाचाही भरवसा नव्हता. तेव्हा कुठंतरी बिऱ्हाड करायचं आणि सगळ्यांनी जायचं, इथवर एकमत झालं होतं. कुठं करायचं, इथं घोडं अडलं होतं ते पंधरा दिवस झाले तरी हलत नव्हतं.

आता कुसाबाईचं. धोंड्याचा महिना म्हणजे लेकी-जावयांचा महिना. आळीतल्या सुना आठ-आठ, दहा-दहा दिवस माहेरी जातात, आईच्या हातचं खातात, दुपारच्या लोळतात आणि जरा गोल होऊन परत येतात. गंगाधरच्या बायकोला, द्वारकाला, सिन्नरला पाच भाऊ. कुसाबाईचं माहेर कळवणचं. तिच्या लग्नाच्या सहाव्या वर्षी आई गेली. वडील आधीच गेले होते, भाऊ नव्हता, आणि घर चुलत्यांनी घेतलं. तेव्हापासून बाळंतपणं आणि महिन्याचे बाहेर बसायचे दिवस सोडले, तर ती चुलीपुढून उठली नव्हती. घर दहा माणसांचं. तिची स्वतःची तीन मुलं, द्वारकाचा एक, आणि वरची सहा मोठी माणसं. याबद्दल तिनं कधी ब्र काढला नव्हता. पण हवापालटाचं निघालं तेव्हा तिच्या मनात एकच आलं. हवा कसलीही असो, देव कुठलाही असो, आपल्याला असं बिऱ्हाड हवं जिथं चूल दुसरी कोणीतरी पेटवील.

आणि देवळालीला तशी सोय होती. बंगलीच्या शेजारी एक बाई खानावळ चालवते, दोन्ही वेळचे डबे पाठवते, असं गंगाधर मागं सहज बोलून गेला होता. त्या दिवसापासून कुसाबाई मनानं दिराच्या पक्षात गेली. बोलली काही नाही, पण पंधरा दिवस गंगाधरच्या ताटात तुपाची धार जरा सढळ पडत होती.

"मी पहिल्यापासून सांगतेय," सरुबाई आता सरसावून बसल्या. "त्र्यंबकला जाऊ. आपले उपाध्ये आहेत, त्यांचं घर आहे. अधिक महिना, रोज कुशावर्तात स्नान होईल. तिथली सगळी भांडी तांब्या-पितळेची, त्यातली निम्मी तुमच्या वडिलांच्या हातची. आणखी काय पाहिजे?"

"अधिकात त्र्यंबकला मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, आई," गंगाधर म्हणाला. "पडवीत झोपावं लागेल."

"झोपू. तुझ्या छापखान्यातले साहेब येणार आहेत का बघायला?"

कुसाबाईनं मनातल्या मनात झरझर हिशेब केला. उपाध्यांकडे यजमान उतरले की उपाध्यीणबाई स्वतः रांधून वाढतात, यजमानांच्या बायकांनी पाटावर बसायचं. म्हणजे देवळाली गेली तरी त्र्यंबक उरतंच की! पंधरा दिवस जपलेला पक्ष तिनं पाणी प्यायच्या वेळात बदलला.

"सासूबाई म्हणतात ते खरंच बरं वाटतं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले. कुसाबाई एवढ्या माणसांत बोलत नसे. कळवणकडच्या मोकळ्या माळावर वाढलेली, तिचा आवाज मऊ. या घरात ऐकू जायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडण्यापेक्षा गप्प बसणं तिला सोपं गेलं होतं.

"काय म्हणाली ती?" खंडेरावांनी विचारलं.

"त्र्यंबक बरं म्हणतेय!" सावळीराम वडिलांच्या कानाशी ओरडला. सावळीराम हा थोरला मुलगा, कुसाबाईचा नवरा. हात सोन्यासारखा, स्वभाव लोण्यासारखा, आणि मत शेवटी जो बोलेल त्याचं.

सरुबाईंना आनंद झाला तो लपला नाही. "बघा! घरात एकीला तरी अक्कल आहे. आणि कुसा असली म्हणजे मला तिथली काळजीच नाही. उपाध्यीणबाई आता थकल्यात, मागच्या खेपेला आमटीत मीठच नव्हतं. कुसा त्यांचं स्वयंपाकघर हातात घेईल. माझं पथ्याचंही तीच करील. मला दुसऱ्याच्या हातचं पचत नाही ते तुम्हाला माहीत आहे."

कुसाबाईनं रिकामा तांब्या उचलला. दुसरं करते काय?

"थांबा हो," गंगाधर म्हणाला. त्याला आपली देवळाली अजून सुटत नव्हती. "बाबा, अडलं ते भांड्यांपाशीच ना? मग आपण आपली भांडी नेऊ. एक बैलगाडी पुढं पाठवू. ती पारशिणीची भांडी माळ्यावर जातील."

खंडेरावांचा चेहरा उजळला. "हे बोललास! आपला मोठा बंब नेऊ. दोन घंगाळी. तो बारा शेरी हंडा..."

"आणि खानावळीचा डबा?" कुसाबाईनं शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं.

"डबा कशाला आता?" द्वारका म्हणाली. ती आतल्या दारापाशी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. गंगाधरनं सांगितलेली खानावळीची बातमी कुसाबाईला पुन्हा तिखटमीठ लावून ऐकवली होती ती हिनंच. "भांडी आपली, शेगडी आपली, तर खानावळीचं पाणचट कोण खाईल? जाऊबाई आहेतच की."

"मला विचाराल तर गडच बरा," सावळीराम मध्येच म्हणाला. सप्तशृंगीला जायचं त्याच्या मनात कधीचं होतं, आणि घरात कोणीच कोणाचं ऐकत नाही असं पाहून त्यालाही धीर आला. "धर्मशाळा आहे. बंब नको, घंगाळं नको. तीन दगड मांडले की झाली चूल. कुसा आहेच."

एवढ्यात अंगणातून हाक आली, "खंडेरावदादा! आणा भांडी!"

निजामभाई कल्हईवाला आला होता. प्रवासाआधी कल्हई लावून घ्यावी म्हणून सावळीरामनंच त्याला रविवारचं बोलावून ठेवलं होतं. साठीकडं झुकलेला, बोटं नवसागरानं काळी पडलेली, आणि तीस वर्षं या घराशी असा जोडलेला, की खंडेराव भांडं घडवणार आणि तो ते चकचकीत करणार. अंगणाच्या कोपऱ्यात त्यानं खड्डा केला, भाता जोडला, कोळसे पेटवले. खंडेराव जाऊन त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"निजाम, तूच सांग. देवळालीपासून त्र्यंबकपर्यंत सगळ्यांची स्वयंपाकघरं तू पाहिलीस."

"स्वयंपाकघर नाही दादा, मी अंगणात बसतो. भांडी पाहिलीत."

"तेच म्हणतोय मी! भांड्यांवरून घर कळतं. आमचा गंगाधर खोल्या मोजतो."

निजामभाई भाता ओढत हसला. "त्या पारशीणबाईंकडं आता माझं काम नाही. अ‍ॅल्युमिनला काय कल्हई लावणार? पण बाई शरीफ आहे, पाणी विचारते. त्र्यंबकला तुमच्या उपाध्यांची भांडी अव्वल. गडाचं मला विचारू नका, तिथं भांड्यापेक्षा माणूसच जास्त झिजतो."

तेवढ्यात आतून फर्मान सुटलं होतं आणि कुसाबाई भांडी आणून मांडायला लागली होती. दोन पातेली आणली. मग तपेलं. मग कढई. खंडेरावांना एकेक आठवत होतं आणि ते ओटीकडं तोंड करून ओरडत होते, "वरणाचं उंच पातेलं आण! आणि तो गंज, दुधाचा!" सरुबाई आतून भर घालत होत्या. बिऱ्हाड त्र्यंबकला व्हायचं की देवळालीला, याचा अजून पत्ता नव्हता, पण भांड्यांची रास मात्र कुंपणापर्यंत गेली. सगळी भांडी कुसाबाईच्या ओळखीची. कुठलं घासायला चिंच लागते, कुठल्याला राख पुरते, कुठल्याचा काठ बोट कापतो, ते तिच्या हाताला पाठ होतं. ती जसजशी भांडी आणत होती तसतसं तिला कळत चाललं होतं, की हवापालट कोणाचाच होत नाहीये. आपलं स्वयंपाकघर तेवढं गाडीत बसून दुसऱ्या गावाला निघालंय.

निजामभाईनं पहिलं पातेलं उचललं, आत बोट फिरवलं आणि खंडेरावांपुढं धरलं. "दादा, तुम्ही घडवता, पण वापर मी ओळखतो. पाचसहा बायका राबतात त्या घरी भांडं सगळीकडून झिजतं. हे बघा. फक्त इथं, उजव्या अंगाला. तीस वर्षांपूर्वी झीज इकडं होती, सरुवहिनींचा हात असा पडायचा. आता सतरा-अठरा वर्षं एकच हात फिरतोय."

तो हे कोणाला टोचून बोलला नव्हता. पुंजाकडच्या भांड्यांबद्दलही तो असंच सांगे. त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, आणि कथलाची कांडी फिरवून त्यानं कापसाचा बोळा आतून असा ओढला की पातेलं आरशासारखं झालं. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

कुसाबाई दुधाचा गंज घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. ठेवताना गंज फरशीवर वाजला, चांगला खणखणीत.

"मी येत नाही," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. सरुबाई चाळणी कुठं आहे विचारत होत्या.

"मी येत नाही!" ती ओरडली. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती आळीच्या आवाजात बोलली होती. भाता थांबला. सरुबाई दारात आल्या. समोरच्या ओट्यावर पुंजा उठून उभा राहिला.

"कुठं येत नाहीस?" सावळीरामनं विचारलं.

"कुठंच! देवळालीला नाही, त्र्यंबकला नाही, गडावर नाही. तुम्ही सगळे जा. मी घरी राहते."

मग द्वारकाच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई! मग स्वयंपाक?" आणि तिनं लगेच जीभ चावली.

"तुला बरं वाटत नाहीये का?" सरुबाईंनी जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावला. त्या हातात काळजीच होती. "एवढं उन्हातान्हाचं... मग राहू दे बाई. तू नाहीस तर मी तरी जाऊन काय करू? तुझ्या हातचं नसलं की मला दोन घास जात नाहीत."

"मीही थांबतो," सावळीराम म्हणाला. "हिला एकटीला टाकून जायचं?"

"मग जायचंच कशाला?" गंगाधरनं टोपी खुंटीला लावली. "वहिनी नसतील तर बिऱ्हाडाला अर्थ नाही. राहू सगळे इथंच. बाबांच्या हातोड्याला कुलूप घालू."

यात खोटं काही नव्हतं. या माणसांचा तिच्यावर जीव होता, अगदी मनापासून होता. दोन बाळंतपणांत सरुबाईंनी तिच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. गंगाधरनं पहिल्या पगारात आईच्या आधी वहिनीला लुगडं आणलं होतं. तिच्यासाठी ते आत्ता हवापालट मोडायला निघाले होते, आणि त्यातल्या एकाच्याही लक्षात येत नव्हतं की हा जीवच तिच्या गळ्याशी आलाय.

"थांबू नका!" ती म्हणाली. "पाया पडते, कोणी थांबू नका. तुम्ही थांबलात की चूल आली. एकजण थांबला तरी चूल आली. मला तुम्ही कोणी नको आहात. महिनाभर. फक्त एक महिना मला कोणी नको. ज्यांना माहेर आहे त्या जातात. मला नाही. मग मी याच घरात माहेरी राहते. तेवढं तरी राहू द्या."

आणि ती रडायला लागली. तोंडाला पदर लावून नव्हे, तशीच उभ्यानं, सगळ्यांसमोर. निजामभाईनं नजर खाली केली आणि उगाच कोळसे सारखे केले.

सरुबाईंच्या कपाळावर आठी चढली होती. लागलं होतं त्यांना, आणि ते लागणं साहजिक होतं. "लोक काय म्हणतील? सुनेला घरी टाकून म्हातारी तीर्थाला गेली. आणि घरात एकटी बाई ठेवायची म्हणजे..."

"आमची भागी येईल झोपायला!" पुंजा समोरून ओरडला. या आळीत कोणतीही गोष्ट एका घरात राहत नसे, आणि कधी कधी ते बरंच असे.

खंडेराव मात्र अजून बोलले नव्हते. एरवी प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा सांगावं लागे. आज त्यांनी कोणालाही "काय म्हणाली?" असं विचारलं नाही. ते उठले, निजामभाईच्या पुढ्यातली भांड्यांची रास पायानं थोडी बाजूला सारली आणि म्हणाले, "त्र्यंबक. उपाध्यांकडं. भांडं एकही न्यायचं नाही, पाण्याचा तांब्या सोडून. ही सगळी आत जाऊ देत."

"अहो, पण मीठ..." सरुबाई म्हणाल्या.

"वरून घेऊ."

"आणि माझं पथ्य? पेज, मऊ भात? ते कोण करणार? द्वारकाला पोरापुढं सवड नाही."

"मी करीन."

"तुम्ही?"

"चाळीस वर्षं भट्टी राखली. पत्रा किती तापलाय ते रंगावरून सांगतो. माझ्या हातून पेज उतू जाईल होय?"

"आणि खांदा?"

"ढवळायला डावा आहे."

द्वारका खुदकन हसली. सरुबाई हसल्या नाहीत. वातींचं तबक उचलून त्या आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी कुसाबाईशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलल्या. सावळीराम दोन्हीकडं तोंड करून उसासे टाकत राहिला. गंगाधरनं पारशीणबाईला नकाराचं पत्र लिहिलं. ते फार सुरेख इंग्रजीत होतं असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकची मोटार धरायला दोन टांगे दारात लागले. पोरं आधीच चढून बसली होती. धाकटी आईकडं बघून जरा मुसमुसली, पण टांगेवाल्यानं चाबूक हातात दिल्यावर विसरली. खंडेराव चढले, मग उतरून पुन्हा आत गेले आणि दुकानातला आवडता हातोडा शोधून आले. तो सावळीरामनं न बोलता त्यांच्या हातातून काढून घेतला. सरुबाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. बोलायचं मनात बरंच असावं, पण म्हणाल्या एवढंच, "दाराला आतून अडसर घाल. आणि नुसत्या चहावर राहू नकोस."

"नाही राहणार," कुसाबाई म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

सावळीराम टांग्यातून मागं वळून वळून बघत होता. वळणावर तो दिसेनासा झाला.

कुसाबाई आत आली. घर एवढं मोठं असल्याचं तिला ठाऊक नव्हतं. आळीत कुठंच ठोका नव्हता. मागच्या अंगणात चिमण्या होत्या त्यांचा आवाज ओटीपर्यंत येत होता. केर काढायला तिनं केरसुणी उचलली आणि परत कोपऱ्यात ठेवली. मग ती माजघरात, भर सकाळी, पाय पसरून बसली. कोणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं ती आडवी झाली, आणि तिला झोप लागली.

जाग आली ती कडी वाजल्यानं. ऊन डोक्यावर आलं होतं. दारात पुंजाची बायको भागीबाई, हात पिठाचे, पदर खोचलेला.

"उठवलं का गं? झोप हो, झोप, मी लगेच जाते. आज तू माझ्याकडं जेवायचं. आमच्यांना सांगितलं, धोंड्याचा महिना आहे, कुसा माहेरपणाला आलीय असं समजू. काय करू सांग."

"काहीही कर गं."

"काहीही नाही. माहेरी आल्यासारखं सांग. तुला काय आवडतं ते करते."

कुसाबाईनं सांगायला तोंड उघडलं. मामंजींना भाकरी जरा करपलेली लागते आणि वर लसणाची चटणी. सासूबाईंना मऊ भात, मेतकूट, तूप कमी. नवऱ्याला वांगं, ते सुद्धा काटेरी, भरलेलं. भाऊजींना पुरणपोळीवर दूध नको, तूप. द्वारकाला दही आंबट. थोरल्याला गूळपोळी, मधलीला थालीपीठ, धाकटीला तर भाजीतली प्रत्येक मिरची वेचून काढावी लागते. निजामभाईंच्या चहात साखर दोन चमचे असते हेही तिला ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं.

"अगं बोल की," भागीबाई म्हणाली, "चूल पेटून बसलीय माझी."

कुसाबाई उंबऱ्यावर बसली. कळवणच्या घरातल्या चुलीपुढं आपण कसं बसायचो, ताटात पहिला हात कशाला जायचा, ते ती शोधायला लागली. आईचा हात दिसत होता, ताट दिसत होतं. ताटात काय होतं तेवढं दिसत नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "आठवून सांगते."